सलीमभाई आणि कालव्यावरची क्रेन

बुधवारी सकाळी सात वाजता मी गाडी बाहेर काढली होती. अंबडहून आधी शहागडला जायचं, सलीमभाईंना घ्यायचं आणि परत फिरून जालन्याला डायलिसिसला न्यायचं, असं चौदा महिने चाललं होतं. निघण्याआधी मी त्यांना फोन करायचो, कारण कपडे घालून दुकानासमोर खुर्चीत येऊन बसायलाही त्यांना अलीकडे अर्धा तास लागायचा. त्या दिवशी फोन भाभींनी उचलला. "भाऊ, आज येऊ नका," त्या म्हणाल्या. मला वाटलं थकवा आला असेल, कंटाळले असतील... मी म्हणालो, "भाभी, डायलिसिस चुकवून चालत नाही. चालवत नसेल तर मी उचलून गाडीत बसवतो त्यांना."  भाभी म्हणाल्या, "उचलायलाच या भाऊ. पर जालन्याला न्हाई न्यायचं आता."

दुपारच्या नमाजानंतर जनाजा निघाला. शहागडसारख्या गावात एवढी माणसं कुठून आली, असं रस्त्यावरचे लोक विचारत होते. जेसीबीचे ऑपरेटर, डंपरचे ड्रायव्हर, ऊसतोडणी यंत्रावरची पोरं, अंकुशनगरहून आलेले दोन फिटर. कुणाचं बंद पडलेलं मशिन सलीमभाईंनी भर पावसात चालू करून दिलेलं, कुणाला नोकरीवर लावलेलं. मीही खांदा दिला. माझा खांदा तिथं असायला हवा होता का, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही, आजही येत नाही. त्याला आता सहा आठवडे होतील.

सलीमभाई मशिनच्या वायरिंगचं काम करत. मी एका यंत्रविक्रेत्याकडे सर्व्हिस इंजिनिअर होतो. आमची ओळख झाली ती माझ्या फजितीतून. महामार्गाच्या कामावर एक मोठा पोकलेन सारखा बंद पडत होता आणि डिस्प्लेवर लाल अक्षरं यायची, की कंट्रोलरशी संपर्क होत नाही. हल्लीच्या मशिनमध्ये इंजिनचा कंप्युटर, पंपाचा कंप्युटर आणि कॅबिनमधला डिस्प्ले एकमेकांत पिळलेल्या दोन बारीक तारांवरून आपापले निरोप धाडतात. निरोप पोचला नाही की मशिन स्वतःच थांबतं. अवघड एवढंच, की निरोप नेमका कुठं अडला हे ती लाल अक्षरं सांगत नाहीत. मी दोन दिवस लॅपटॉप लावून बसलो, कंट्रोलर बदलला, मग डिस्प्ले बदलला. मशिन तासभर चालायचं आणि पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसानं मला न विचारता शहागडहून एक माणूस आणला. पन्नाशीचा, पांढरी दाढी बारीक कापलेली, खांद्याला रेक्झिनची पिशवी. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ ऑपरेटरजवळ जाऊन बसला आणि विचारलं, "कधी बंद पडती?"

ऑपरेटर म्हणाला, "कधीबी."

"कधीबी असं काय नसतंय. आठवून सांग. उभी असताना? चालताना? कोणत्या बाजूला फिरवताना?"

ऑपरेटरनं डोळे मिटून आठवलं आणि म्हणाला, उजवीकडं फिरवली की, त्यातही चढावर असली की. दोन दिवसांत हे मी त्याला विचारलंच नव्हतं. मग त्या माणसानं मशिन चढावर, उजवीकडं फिरवून उभं करायला लावलं, बॅटरी काढायला लावली, पिशवीतून एक साधं मीटर काढलं आणि त्या दोन तारांमध्ये टेकवलं. "एकशे वीस ओहम," तो म्हणाला. "साठ पायजे. दोन्ही टोकाला एकेक रेझिस्टर असतो, एकशे वीसचा. दोन्ही जागेवर असले की मीटर साठ दाखवतं. एकशे वीस दाखवून राह्यलं म्हणजे मधी कुठंतरी एक टोक सुटलंय. तुमचा कंट्रोलर बिलकुल चांगला हाय, इंजिनिअर साहेब. पैला बी चांगलाच होता." हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. वहीतही असेल. पण लॅपटॉप असताना मीटर कोण काढतो, अशी माझी समजूत. डिझेलच्या टाकीमागं एका पट्टीला घासून तार झिजून तुटली होती. मशिन उजवीकडं कललं की तिची टोकं एकमेकांपासून सुटायची. सलीमभाईंनी ती जागा बोटानं चाचपून काढली, जोड दिला, वर रबराची नळी चढवली आणि मशिन चालू झालं.

त्यानंतर दहा वर्षं मी त्यांच्याकडून शिकत राहिलो. सलीमभाईंचे वडील हायवेवर ट्रकचे डायनामो दुरुस्त करायचे. हे उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले आणि तिथून त्याच टपरीत आले. ट्रकचं वायरिंग करता करता मशिनवर गेले. मशिनमध्ये कंप्युटर आले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या मिस्त्र्यांनी हात टेकले. यांनी मात्र भंगारातून जळकी वायरिंगं आणून दुकानात पसरली आणि एकेक तार कुठून कुठं जाते ते महिनोन्महिने पाहत बसले. इंग्रजी वाचता यायचं नाही, पण एररचे आकडे पाठ होते. मी कोड सांगितला की तिकडून उत्तर यायचं, "हा मागच्या साली त्या पिवळ्या रोलरला आल्ता ना?"

ते गोड माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. कुणी घाईत तार कापून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, की चारचौघांत आईवरून शिव्या द्यायचे. मलाही एकदा दिल्या. मी एरर लॅपटॉपवरून पुसून टाकला आणि म्हणालो, गेला. ते म्हणाले, "गेला न्हाई. तुम्ही फक्त त्याचं बोलणं बंद केलं." त्यांचा एक हट्ट होता. ऑपरेटर खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. म्हणजे ऑपरेटर डिझेलबद्दल खोटं बोलेल, सुट्टीबद्दल बोलेल, पण मशिन काय करतंय ते तो खरंच सांगतो, कारण जीव त्याचा आत बसलेला असतो.

आता मला कालव्यावरच्या क्रेनबद्दल लिहायचं आहे. हा लेख त्यासाठीच आहे.

तीर्थपुरीच्या पुढं कालव्यावर एका पुलाचं काम चालू होतं. तिथं लांब होणाऱ्या बूमची, म्हणजे वजन उचलणाऱ्या लोखंडी हाताची, एक क्रेन होती आणि तिच्यावर भागवत नावाचा ऑपरेटर होता. जवळच्याच गावचा, तिशीतला, कमी बोलणारा. अशा क्रेनमध्ये एक कंप्युटर असतो. बूम किती लांब आहे, किती कललाय आणि हुकाला वजन किती आहे, याचा हिशेब तो सतत करतो, आणि क्रेन उलटेल असं वाटलं की उचलणं बंद करतो. बूमवरच्या सेन्सरचा निरोप त्याच दोन तारांवरून येतो. तो निरोप तुटला तरी क्रेन थांबते. ही क्रेन दिवसातून पाच-सहा वेळा थांबत होती. साइटचा मॅनेजर वैतागला होता. मी गेलो तेव्हा क्रेन चालू होती; लॅपटॉप जोडला, दिसला तो जुना एरर पुसला. भागवत म्हणाला, "साहेब, बूम पुरा लांब केला की बंद पडतंय. आखडला की चालू." एवढं स्वच्छ सांगणारा ऑपरेटर क्वचित मिळतो. बूम पूर्ण बाहेर काढायचा, त्याच्यासोबत गुंडाळीतून सुटणारी केबल हातानं तपासायची, दोन-तीन तासांचं काम होतं. मला दुसऱ्या साइटवर बोलावणं होतं. मॅनेजर डोक्याशी उभा राहून म्हणत होता, आजच्या आज स्लॅब बसले पाहिजेत.

अडीअडचणीला तो कंप्युटर बाजूला ठेवून, त्यानं न अडवता क्रेन चालवायची एक चावी अशा क्रेनमध्ये असते. तिला सील असतं. मी ते सील तोडलं आणि चावी फिरवली. भागवतनं विचारलं, "साहेब, हे बराबर हाय ना?"

मी म्हणालो, "मी सांगतोय ना. जपून चालव. दोन दिवसांनी येऊन बघतो."

दोन दिवसांनी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी क्रेन कालव्याच्या बाजूला उलटली. कॅबिन खाली आलं. भागवतला बाहेर काढायला दुसरी क्रेन मागवावी लागली... ती येईपर्यंत तो बोलत होता, असं तिथले मजूर सांगतात. काय बोलत होता, ते मी कुणाला विचारलं नाही.

माझ्या भेटीच्या कागदावर मी लिहिलेलं होतं: एरर पुसला, मशिन तपासलं, ठीक. चावीबद्दल एक अक्षर नव्हतं. सील तुटलेलं सापडलं तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, की ते ऑपरेटरनं तोडलं. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आठवडाभरात कुणीतरी दारूचंही जोडून दिलं. भागवत पिऊन होता, झेपेना एवढं वजन उचललं, आणि गेला. गावानं ते मान्य केलं.

उलटलेल्या क्रेनमधलं वायरिंग काढायला ठेकेदारानं सलीमभाईंना बोलावलं. अपघातानंतर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, लॅपटॉप घेऊन या म्हणून. मी गेलो. भर उन्हात ते त्या लोखंडाशेजारी मांडी घालून बसले होते आणि बूमवरची केबल त्यांनी हातभर हातभर तपासून काढली होती. एका जागी वरचं आवरण शाबूत होतं, पण आतली तांब्याची तार तुटलेली. केबल सैल असली की टोकं एकमेकांना टेकायची, ताणली की सुटायची. "बघा," ते म्हणाले. "बूम लांब केला की निरोप तुटत होता. ऑपरेटरनं सांगितलं असणार कुणाला तरी. आता एवढं वाचून द्या, चावी कधी फिरली ते. कंप्युटर सगळं लिहून ठेवतो." त्यांनी कॅबिनमधला कंप्युटर काढून बॅटरीला जोडूनच ठेवला होता.

मी लॅपटॉप जोडला. मेमरी उघडली. त्यात तारीख होती, वेळ होती, अकरा वाजून काही मिनिटं, आणि पुढं लिहिलेलं होतं की चावी फिरवली. त्याच मिनिटाला माझा लॅपटॉप मशिनला जोडलेला होता, हीसुद्धा नोंद खालच्याच ओळीत होती. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. ऊन पडद्यावर येत होतं म्हणून मी लॅपटॉप माझ्या बाजूला कलता केला होता, आणि सलीमभाई समोरून माझ्याकडे पाहत होते.

"रिकामी आहे," मी म्हणालो. "धक्क्यानं उडाली असेल."

 तुटलेला केबलचा तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. मी काहीच सेव्ह न करता लॅपटॉप बंद केला. पुढं ती क्रेन कंप्युटरसकट भंगारात गेली.

सलीमभाई तो तुकडा घेऊन चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांकडे गेले. मीटर लावून त्यांनी दाखवलंही, ताणला की तुटतो, सोडला की जुळतो. अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, शिक्षण काय? आयटीआय झालंय का? सलीमभाईंनी खरं सांगितलं. त्यांचं म्हणणं कागदावर घेतलंच नाही. त्यानंतर त्या ठेकेदाराच्या कुठल्याच साइटवर त्यांना बोलावणं आलं नाही, आणि बाकीच्या ठेकेदारांनीही बोलवायचं कमी केलं. मला मात्र त्या वर्षी कंपनीत बढती मिळाली.

सहा-सात महिन्यांनी त्यांचे पाय सुजायला लागले. किडन्या गेल्याचं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शनिवारी त्यांचा मेहुणा न्यायचा, बुधवार मी मागून घेतला. लोक म्हणायचे, काय माणूस आहे, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतो. भाभी मला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मी जेवायचो. जाताना गाडीत सलीमभाई मशिनबद्दल बोलायचे, येताना गळून मागच्या सीटवर पडून असायचे. चौदा महिने दर बुधवारी मी ठरवायचो, आज वडीगोद्रीच्या आत सांगायचं. वडीगोद्री मागं पडायचं. मग अंबडच्या आत सांगायचं... आणि जालना यायचं.

शेवटच्या बुधवारी परतीच्या वाटेवर ते झोपलेत असं मला वाटलं होतं. अचानक मागून आवाज आला. "प्रकाशभाऊ, त्या दिवशी मेमरी रिकामी नव्हती."

मी गाडी बाजूला घेतली.  विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तवाच. रिकामी असती तर तुम्ही एवढा येळ वाचली नसती."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "मंग बोलला का न्हाई तुम्ही?" त्यांच्यासोबत राहून राहून माझी भाषाही तशीच झाली होती. ते म्हणाले, "माझ्याकडं होतं तेवढं मी बोललो. तार दावली. चावीचं तुमच्याकडं होतं."  बाजूनं ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्यानं उभी गाडी हलत होती. मी म्हणालो, "सांगतो, सलीमभाई. पुढच्या आठवड्यात जातो भागवतच्या घरी." ते म्हणाले, "जा. तार म्या तपासलेली हाय, तिच्यात खोट न्हाई." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना शहागडला सोडलं, भाभींनी वाढलेलं जेवलो आणि घरी आलो. पुढचा आठवडा म्हणजे तो बुधवार.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. तिथल्या साहेबांनी दोनदा वाचला आणि विचारलं, पुरावा काय? पुरावा मीच नाहीसा केला होता. केबलचा तो तुकडा भाभींनी सलीमभाईंच्या पिशवीतून काढून दिला, तो जमा केला. साहेब म्हणाले, बघू. अजून बघतच आहेत. कंपनीला कळवल्यावर त्यांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं, तो दिला. यात मोठेपणा काही नाही. जे मी दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते एका मेलेल्या माणसाच्या धाकानं केलं.

मग मी भागवतच्या घरी गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर छोटा ओटा. त्याची बायको सुमन शेतातून नुकतीच आली होती, तिनं पाणी दिलं आणि विचारलं, कुठून आले. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"मंग तुम्हीच का ते साहेब?"

"कोणते?"

"शहागडचे सलीमभाई यायचे. तीनदा आल्ते. दर टायमाला म्हणायचे, तुझा माणूस पेला नव्हता, मशिनची तार तुटली होती. बाकीचं सांगायला एक साहेब येतील. मी नाव इचारलं तर म्हणले, तेबी तेच सांगतील." तिनं भिंतीकडं हात केला. "शेवटी आल्ते तवा उभं राहवत नव्हतं त्यांना. तरी बसल्या बसल्या हे समदं वायरिंग नवं करून गेले. जुनं जळलं होतं."

मी पाहिलं. पत्र्याच्या खोलीत पाइपातून नेलेली तार, सारख्या अंतरावर मारलेल्या क्लिपा, एकही जोड उघडा नाही. शेवटी आले म्हणजे कधी, हे विचारलं तेव्हा कळलं, दोन महिन्यांपूर्वी. बुधवारी माझ्या गाडीत बसून जालन्याला जाणारा माणूस मधल्या कुठल्यातरी दिवशी एसटीनं इथं आला होता, आणि मला बोलला नव्हता.

मी सुमनला सगळं सांगितलं. सील, चावी, भागवतनं विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर, मेमरी.  संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पेले नव्हते ना ते?"

"नाही. आणि चावी त्यांनी लावली नव्हती. मी लावली."

ती उठून आतल्या खोलीतून सासऱ्यांना घेऊन आली. म्हातारा तिच्या हाताला धरून समोर येऊन बसला. "तात्यांना ऐकू कमी येतं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा." मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला आणि सुनेकडं पाहिलं, "काय म्हणून राह्यला त्यो?" मला वाटलं आता ती सांगेल. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा." मी घसा ताणून पुन्हा सांगितलं. शेजारच्या ओट्यावर बायका शेंगा निवडत होत्या, त्यांचे हात थांबलेले मला दारातून दिसले. तात्यांनी कानामागचा हात खाली घेतला. "आलं ऐकू," ते म्हणाले, आणि जमिनीकडं पाहत बसले.

मी निघायला उठलो, तेव्हा सुमन म्हणाली, "पिऊन क्रेन पाडली, असं ह्या गल्लीनं दोन वर्षं म्हणलंय. माझ्या पोरीला शाळेत म्हणलंय. आता दारात उभं राहून सांगा."

दाराच्या चौकटीजवळच सलीमभाईंनी बसवलेला बोर्ड होता. त्याला हात टेकवून मी उभा राहिलो, गल्लीकडं तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.